सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत पुंगळ्या चेपतात, फाटतात: रीलोडिंग करणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

रीलोडिंग म्हणजे झाडलेली पुंगळी, काडतुसाचं पितळी कवच, पुन्हा भरून वापरणं. स्वतःच्या आणि ओळखीच्या नेमबाजांच्या रायफलींवर हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता पुंगळी हातात घेतली की आधी तळ बघतो, मग तळाची कड, मग तोंड, म्हणजे गोळी बसते ते टोक. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. रायफल उघडायची गरज नंतर पडते, पुष्कळदा पडतच नाही.

लक्षणं

दहा रिकाम्या पुंगळ्या उजेडात ओळीने मांडा आणि यातलं काय दिसतं ते बघा.

- तोंड एका बाजूने बसलेलं, गोल राहिलेलं नाही.
- अंगावर मधोमध आडवा खड्डा, त्यावर काळसर घासल्याची खूण.
- शोल्डरवर (अंग निमुळतं होऊन मान सुरू होते त्या उतारावर) गुळगुळीत खळगा, पण ओरखडा अजिबात नाही.
- अंगावर उभे ओरखडे किंवा समान अंतरावर उभ्या रेघा.
- कड वाकलेली, उचललेली, किंवा एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने) तिचा लचकाच तोडलेला.
- तळावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकाचा गोल उमटलेला, किंवा तिथलं पितळ चकचकीत होऊन सरकलेलं.
- तळापासून थोड्या अंतरावर, पुंगळीला पूर्ण वेढा घालणारी उजळ रेषा.
- नवीन प्रायमर (दारू पेटवणारी तळातली छोटी टोपी) बसवताना हाताला विरोधच जाणवत नाही, त्याची खळगी सैल झालेली.

पहिली चार दिसायला वाईट असली तरी त्यात बहुतेक वेळा पुंगळी वाचते. शेवटची चार गंभीर आहेत. उजळ रेषा दिसली तर त्या खेपेतली एकही पुंगळी पुन्हा भरू नका, ती तिथून तुटायच्या मार्गावर असते. इजेक्टरचा ठसा आणि सैल खळगी एकत्र दिसली तर दाब जास्त झालाय असं धरून चला आणि त्या भरणीची उरलेली काडतुसं झाडू नका.

असं का होतं?

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. दारू पेटली की पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला घट्ट चिकटते आणि मागचा रस्ता बंद करते. दाब उतरला की पितळ किंचित आकसतं आणि भिंत सोडतं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत हे सगळं होऊन गेल्यावर नेमबाज सावकाश हाताने बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, उचलतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तेवढी उसंत नसते. नळीतला थोडा वायू पोर्टमधून (नळीला पाडलेल्या भोकातून) मागे येऊन बोल्ट उघडतो, आणि चेंबरमध्ये दाब शिल्लक असतानाच एक्स्ट्रॅक्टर कडेला हिसका देतो. पुंगळी अजून भिंत धरून असेल तर वाकते ती कड. शिवाय बोल्ट जितका वेगात मागे येतो, तितक्या जोरात पुंगळी बाहेर फेकली जाते आणि रायफलीच्या अंगावर आपटते.

म्हणून प्रत्येक तपासणीत मी एकच गोष्ट शोधत असतो: बोल्ट लवकर उघडतोय का, पुंगळी भिंत सोडायला उशीर करतेय का, की दोन्ही?

१. आधी फक्त बघा. खर्च काहीच नाही.

रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. प्रत्येक पायरीच्या आधी हे करायचं.

मग कारखान्यात भरलेली दहा आणि स्वतः भरलेली दहा काडतुसं, एकाच दिवशी, एकाच मॅगझिनमधून झाडा. आधी मार्करने दोन्ही गटांवर वेगळी खूण करून ठेवा. दोन्हींवर सारखीच इजा दिसली तर शोध रायफलीत घ्यायचा. फक्त तुमच्या भरणीवर दिसली तर टेबलावर, म्हणजे डाय (पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा; या कामालाच सायझिंग म्हणतात), लांबी आणि दारू यांत. ही एक चाचणी न केल्याने लोक महिनोन्महिने भलतीकडे फिरतात.

ही चाचणी नव्या किंवा त्याच रायफलीत झाडलेल्या पुंगळ्यांवरच करा. एकदा एका मित्राच्या रायफलीचं चेंबर मी तीन संध्याकाळी घासत बसलो, कारण त्याच्या पुंगळ्यांवर समान अंतरावर उभ्या काळ्या रेघा होत्या. त्या पुंगळ्या त्याने रेंजवर उचललेल्या होत्या आणि आधी जी-३ जातीच्या रायफलीतून गेलेल्या होत्या. त्या रायफलीच्या चेंबरमध्ये उभ्या खाचा मुद्दाम कोरलेल्या असतात, म्हणजे वायू पुंगळीच्या बाहेरच्या अंगाने शिरतो आणि ती चिकटत नाही. रेघा त्या खाचांच्या होत्या. मित्राच्या रायफलीत काहीच बिघाड नव्हता.

पुंगळ्या कुठे पडतात तेही लिहून ठेवा. नळीचं तोंड घड्याळात १२ वर आहे असं समजा. एआर-१५ सारख्या रायफलीत पुंगळ्या ३ ते ४ च्या दिशेने ढीग करून पडत असतील तर बहुधा ठीक चाललंय. १-२ च्या दिशेने, पुढे आणि लांब उडत असतील तर बोल्ट फार वेगात येतोय. ५ च्या दिशेने मागे, अंगाजवळ पडत असतील तर गॅस कमी पडतोय. डिफ्लेक्टरवर (पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीमागच्या उंचवट्यावर) आपटून दिशा बदलते, त्यामुळे यावरून शेवटचा निर्णय घेऊ नका. पण भरणी बदलल्यावर ढीग सरकला का, हे यातून फार छान कळतं.

उभ्या ओरखड्यांसाठी वेगळी चाचणी आहे. प्रायमर आणि दारू दोन्ही नसलेलं, फक्त गोळी बसवलेलं नकली काडतूस बनवा, मॅगझिनमधून चेंबरमध्ये चढवा आणि हाताने बाहेर काढा. ओरखडा तिथेच उमटला तर तो मॅगझिनच्या ओठांचा किंवा भरण्याच्या उताराचा आहे, झाडण्याशी त्याचा संबंध नाही. मॅगझिन बदलून पुन्हा करून बघा. हे काम भरलेल्या काडतुसावर कधीही करायचं नाही.

२. डिफ्लेक्टरवर मऊ तुकडा

तोंड बसणं किंवा अंगावर आडवा खड्डा पडणं एवढीच तक्रार असेल तर वेल्क्रोची मऊ बाजू डिफ्लेक्टरवर, जिथे पितळेचा पिवळा डाग पडलाय नेमकी तिथे चिकटवा. तुकडा खिडकीच्या आत येता कामा नये आणि बोल्टच्या वाटेत तर नाहीच. उष्णतेने डिंक सुटतो, म्हणून दर वेळी निघण्याआधी दाबून बघा.

बसलेलं तोंड सायझिंग डायमधला एक्स्पांडर (मान आतून रुंद करणारा गोळा) गोल करतो. पण आधी निमुळत्या पंचने थोडं उघडून घ्या, नाहीतर डायची दांडी कडेला अडून वाकते. घडीसारखी तीक्ष्ण चुणी पडली असेल तर ती पुंगळी टाका. त्या चुणीवरच पुढे भेग जाते.

३. साफसफाई, विशेषतः चेंबरची

नळी सगळेच साफ करतात, चेंबर फार थोडे. चेंबरचा ब्रश वेगळा असतो, नळीच्या ब्रशने ते काम होत नाही. चेंबरमध्ये काजळीचा थर असेल तर पुंगळी भिंत उशिरा सोडते आणि एक्स्ट्रॅक्टर मात्र ठरल्या वेळी ओढतो. फाटलेल्या कडांच्या कितीतरी तक्रारी मी नुसत्या ब्रशने मिटताना पाहिल्यात. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली दबलेली काजळीही काढा. ती तिथे असली की आकडा कडेवर पूर्ण बसत नाही, टोकावरच पकडतो आणि लचका तोडतो.

साफ केल्यावर चेंबर कोरडं पुसा. तेलकट चेंबरमध्ये पुंगळीला भिंतीची पकड मिळत नाही आणि मागचा सगळा रेटा बोल्टच्या तोंडावर येतो. सायझिंगला लावलेलं वंगण पुंगळ्यांवर तसंच ठेवून झाडणं याच कारणाने वाईट. प्रत्येक पुंगळी पुसा किंवा टंबलरमधून (पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्रातून) काढा.

शोल्डरवरच्या गुळगुळीत खळग्याचा उगमही वंगणच. डायमध्ये जास्तीचं वंगण अडकतं आणि त्याला जायला वाट नसल्याने पितळ आत दाबलं जातं. रायफलीने पाडलेल्या खड्ड्यात ओरखडा असतो, वंगणाच्या खळग्यात नसतो. डाय पुसा, वंगण कमी लावा. खळगा लहान असेल तर पुढच्या झाडण्यात तो आपोआप भरून येतो.

४. सायझिंग डाय किती खाली बसवलाय?

इथे मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुंगळ्यांचं सर्वांत मोठं नुकसान याच टेबलावर होतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

डायसोबतच्या कागदावर सहसा लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (पुंगळीचा तळ धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली घ्या आणि वर थोडा आणखी फिरवा. तसं केल्याने पुंगळी कुठल्याही चेंबरमध्ये जाईल एवढी आखूड होते, पण कदाचित तुमच्या चेंबरला गरजेपेक्षा कितीतरी आखूड. मग झाडताना पुढचा भाग भिंतीला चिकटतो, तळ मागे बोल्टपर्यंत सरकतो, आणि मधलं पितळ ताणून पातळ होतं. दर खेपेला त्याच जागी. ती उजळ रेषा म्हणजे हाच पातळ झालेला पट्टा.

उपाय मोजून करायचा. कॅलिपरला लावायचा कंपॅरेटर घ्या आणि झाडलेल्या पुंगळीची तळापासून शोल्डरपर्यंतची लांबी मोजा. मग डाय असा बसवा की सायझिंगनंतर शोल्डर ०.००३ ते ०.००५ इंचच मागे जाईल. बोल्ट-अ‍ॅक्शनवाले ०.००१-०.००२ वर भागवतात. सेमी-ऑटोमॅटिकला थोडी जास्त मोकळीक लागते, कारण बोल्टने स्वतःच्या वेगाने पूर्ण बंद व्हायला हवं. झाडलेली पुंगळी दाब असतानाच ओढली जात असल्याने तिचं माप चेंबरपेक्षा किंचित जास्त येऊ शकतं, म्हणून एक नाही, पाच-सहा पुंगळ्या मोजा आणि सायझिंग झाल्यावर प्रत्येक पुंगळी केस गेजमध्ये (चेंबरच्या मापाच्या साच्यात) टाकून बघा.

मानेच्या आतल्या बाजूलाही हलकं वंगण द्या. कोरड्या मानेतून एक्स्पांडर वर येताना मान ओढतो आणि शोल्डर पुन्हा पुढे आणतो. मग तुम्ही डाय आणखी खाली घेता, आणि चक्र सुरूच राहतं.

स्मॉल-बेस डाय (पुंगळीला तळाकडे जास्त आवळणारा) लगेच आणायला धावू नका. साधा डाय नीट बसवूनही पुंगळ्या तळाकडे जाड राहून चेंबरमध्ये अडत असतील, किंवा पुंगळ्या दुसऱ्यांच्या रायफलींतल्या असतील, तरच तो लागतो. उगाच वापरला तर पितळ दर वेळी जास्त मुडपतं आणि लवकर कडक होतं.

आतून तपासायला एका ताठ तारेचं टोक काटकोनात वाकवून टोकदार करा आणि पुंगळीच्या आत तळापासून वर भिंतीला घासत आणा. तार खाचेत अडकल्यासारखी वाटली की ती पुंगळी बाद. बाहेर रेषा दिसायच्या आधी आतली खाच हाताला लागते, म्हणून दुसऱ्या भरणीपासून मी प्रत्येक पुंगळी अशी तपासतो.

५. लांबी आणि प्रायमर

झाडल्यावर आणि सायझिंग केल्यावर पुंगळी लांब होते. .२२३ रेमिंग्टनची कमाल लांबी १.७६० इंच, कापायची १.७५० पर्यंत. .३०८ विंचेस्टरची कमाल २.०१५, कापायची २.००५. जास्त लांब तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसून गोळीला आवळतं आणि दाब अचानक चढतो. सायझिंगच्या आधी नाही, नंतर मोजा.

लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ दाबून पकड दिलेली असते. ती कापून काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. प्रायमर तळाच्या पातळीखालीच हवा. बोट फिरवा, उंचवटा लागला तर ते काडतूस वापरू नका. अनेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलकं टोचते. उंच प्रायमर आणि पूर्ण बंद न झालेला बोल्ट एकत्र आले तर ट्रिगर न ओढताच काडतूस सुटू शकतं. त्या क्षणी पुंगळीचं काय होतं हा प्रश्नच उरत नाही, तुमचा चेहरा तिथे असतो.

६. दारू आणि गोळी

वरचं सगळं ठीक असूनही कडा वाकत असतील आणि पुंगळ्या पुढे लांब उडत असतील, तर भरणी बघायची.

चेंबरमधला कमाल दाब आणि गॅस पोर्टपाशी उरलेला दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावकाश जळणारी दारू कमाल दाबात अगदी मर्यादेत असूनही, गोळी पोर्टपाशी पोचेपर्यंत जास्त दाब टिकवून ठेवते. बोल्टला धक्का बसतो तो या दुसऱ्या दाबाचा. १९३६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली एम-१ गॅरँड याचं जुनं उदाहरण आहे: सावकाश दारू आणि जड गोळी घातली तर तिचा लांब ऑपरेटिंग रॉड वाकतो. म्हणून तिच्यासाठी मध्यम वेगाची, ४८९५ सारखी दारू आणि साधारण १५० ते १७५ ग्रेनच्या (ग्रेन हे दारू-गोळीच्या वजनाचं एकक) गोळ्या वापरायची रीत पडली.

तुमच्या रायफलीसाठी आकडे दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातूनच घ्या, तेही सेमी-ऑटोमॅटिकसाठी वेगळा विभाग असेल तर त्यातून. म्हणून इथे मी वजनं देत नाही. पद्धत मात्र सांगतो. तक्त्यातल्या किमान भरणीपासून सुरू करा, थोडी थोडी वाढवत जा, आणि मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस झाडल्यावर बोल्ट प्रत्येक वेळी मागे अडकून राहतो तिथे थांबा. तिथून पुढे वाढवलेल्या प्रत्येक ग्रेनची किंमत पुंगळी भरते. तक्त्यातल्या किमानाच्या खालीही जाऊ नका. बोल्ट अर्धवट मागे येऊन पुंगळी खिडकीतच चेपतो, आणि गोळी नळीत अडकायचा धोका असतो तो वेगळाच.

पुंगळीची जात, प्रायमर किंवा गोळी, काहीही बदललं तर पुन्हा किमानापासून. ७.६२ मिमीच्या लष्करी पुंगळ्या बहुधा जाड असतात, आत जागा कमी, त्यामुळे तीच दारू तिथे जास्त दाब देते. मिसळलेल्या पुंगळ्यांत एकच भरणी घालणं मी बंद केलं त्याचं कारण हेच.

७. रायफलीचे सुटे भाग

आता खर्च सुरू होतो. कारखान्याची काडतुसंही तशीच खराब होत असतील तरच इथवर या.

रिकॉइल स्प्रिंग सर्वांत स्वस्त. थकलेली स्प्रिंग बोल्टला अडवत नाही. एआरच्या कार्बाइन स्प्रिंगची मोकळी लांबी १० इंचांच्या आसपास उतरली असेल तर बदला. पुढे बफर, म्हणजे बोल्टमागे स्प्रिंगसोबत सरकणारं वजन: कार्बाइनचा साधा बफर ३ औंसांचा, एच-२ साधारण ४.६ औंसांचा. वजन वाढलं की बोल्ट उघडायला जरा जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात दाब उतरतो. एका वेळी एकच पायरी जड करा, आणि हलक्या भरणीवरही बोल्ट मागे अडकतोय ना ते बघा.

तोंडच सतत बसत असेल आणि कड शाबूत असेल तर इजेक्टरची स्प्रिंग फार ताठ आहे का बघा. कड फाटत असेल तर एक्स्ट्रॅक्टरची धार आणि त्याची स्प्रिंग. दोन्ही भाग तयार मिळतात. त्यांना कानस लावू नका.

रायफलीत गॅस कमी-जास्त करायची सोय मुळातच असेल, जशी फाल जातीच्या रायफलींत असते, तर ती वापरा. नसेल तर समायोज्य गॅस ब्लॉक बसवता येतो, पण तो मी गनस्मिथकडूनच बसवून घेतो. तिरका बसला तर पोर्ट अर्धा झाकला जातो आणि नवाच बिघाड पदरात पडतो.

इथे थांबा आणि गनस्मिथकडे जा

पुंगळीचा पुढचा अर्धा भाग चेंबरमध्ये अडकून राहिला तर रायफल बंद. त्यावर दुसरं काडतूस चढवायचा प्रयत्न करू नका, आणि स्क्रूड्रायव्हरने खरवडू तर मुळीच नका. तुटकी पुंगळी काढायचं वेगळं अवजार असतं. ती निघाल्यावरही गो आणि नो-गो गेजने हेडस्पेस (बंद बोल्टपासून चेंबरच्या शोल्डरपर्यंतचं अंतर) तपासून घेतल्याशिवाय झाडू नका. ते काम गनस्मिथचं.

प्रायमर भोकसला गेला, गळून पडला, पुंगळीचा तळ फुगला, किंवा एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन काडतुसं सुटली, तरीही तेच. कारखान्याच्या काडतुसांवरही प्रत्येक पुंगळीच्या अंगावर एकाच जागी तीच खूण उमटत असेल तर चेंबरमध्ये खरवड किंवा गंज आहे. ते घरी पॉलिश करू नका, गेलेलं पोलाद परत येत नाही. गॅस पोर्टचं भोकही घरी मोठं करायचं नाही.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का हलका बसला, तर तिथेच हात थांबवा. रायफल रिकामी करा आणि नळी आरपार दिसते का पाहा. नळीत गोळी अडकली असेल तर पुढचं काडतूस नळी फाडतं.

आणि तुम्ही राहता तिथे रीलोडिंगला परवाना लागतो का, दारू किती साठवता येते, हे आधी लेखी विचारून घ्या.

दुरुस्तीनंतर

एक बदल केला की मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं घाला, झाडा, दोन्ही पुंगळ्या बघा. ठीक असेल तर पाच, मग दहा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रत्येक डब्यावर मी एक चिठ्ठी ठेवतो: पुंगळीची जात, किती वेळा भरली, शोल्डर किती मागे नेला, कधी कापली. .३०८ च्या पुंगळ्या माझ्या रायफलीत मी चार भरण्यांनंतर बाद करतो, वरून कितीही चांगल्या दिसोत. बाद केलेलीचं तोंड पकडीने तिथल्या तिथे चेपतो, म्हणजे ती चुकून परत डब्यात जात नाही.